वाचनालयातला शनिवारचा चित्रांचा वर्ग : मुलांच्या कागदाला आपण हात लावायचा का?

काजूबन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज शेवटी बसले. मी कुडाळ तालुक्यातल्या एका छोट्या गावात राहते आणि गेल्या जूनपासून गावच्या वाचनालयात दर शनिवारी चार ते साडेपाच मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, पुढच्या खोलीत पेपरचं टेबल आणि मागच्या खोलीत पुस्तकांची कपाटं, त्या कपाटांच्या मधल्या जागेत सतरंजी टाकून आम्ही बसतो. पहिली ते सातवीची मिळून एकोणीस मुलं आहेत. फी नाही. कागद मी आणते, परीक्षेची पॅडं मुलं घरून आणतात, तैलखडूंचे चार मोठे डबे गावातल्या दुकानदारांनी दिले.

पहिल्या शनिवारी मी काहीच सांगितलं नाही, म्हटलं काढा हवं ते. एकोणीसपैकी चौदा जणांनी तेच काढलं, दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, खाली नदी, एक झोपडी, एक माड आणि आकाशात इंग्रजी व्हीसारखे पक्षी. आता आमच्या गावातून सह्याद्री रोज दिसतो, पण तो लांबच लांब निळसर भिंतीसारखा दिसतो, त्रिकोण त्यात एकही नाही, आणि ही मुलं ती भिंत बघतच शाळेत जातात. मग पुढच्या शनिवारी मी बांधकामावरून चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, एक तुकडा उचलून आणला आणि मधे ठेवला. विचारलं, याचा रंग कुठला? सगळे एकदम, लाल! म्हटलं जवळ या, नीट बघा. दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, ह्येच्यात हिरवो पण आसा!" आणि मग सुरूच झालं, भोकांच्या आत काळं, कडेला हळदीसारखं पिवळं, एका बाजूला शेवाळ, मधेच जांभळट. त्या दिवशी एकाही कागदावर नुसता लाल नव्हता. मला घरी येऊन झोप लागली नाही इतका आनंद झाला होता.

पण आता लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. दिवाळीनंतर तिसरीतल्या एका मुलीनं आजीचं घर काढलं. कौलारू घर, भिंती असूनही आतलं सगळं दिसतंय, चूल, आजी, पाटावर बसलेलं मांजर, वरच्या पोटमाळ्यावर नारळ. छप्पर मात्र एका बाजूला फार कललेलं. मी तिच्या शेजारी बसले, तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि बोलता बोलता दोन रेघांत छप्पर सरळ करून दिलं. मदत म्हणून हो. ती काही बोलली नाही. तिनं कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला नव्यानं घर काढलं, छप्पर अगदी माझ्यासारखं, सरळ. पण आत कोणी नव्हतं. आजी नाही, चूल नाही, मांजर नाही. नुसतं बंद घर.

त्यानंतर दोन शनिवार ती आली नाही. तिसऱ्या शनिवारी मी घरी जाऊन तिला बोलावून आणलं, आता येते, पण ते चित्र मला विसरता येत नाहीये.

आणि नेमकं आत्ताच पालकांचं सुरू झालंय की मुलांची चित्रं जरा सुधारून द्या, फ्रेम करायचीत, २६ जानेवारीला प्रदर्शन लावू, एलिमेंटरीची, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेची, तयारी करून घ्या, मार्क मिळतात. कार्यकारिणीतल्या एका सदस्यांचं म्हणणं की वाचनालयात रंग कशाला, फरशी खराब होते आणि पेपर वाचणाऱ्यांना त्रास होतो. म्हणजे एका बाजूनं छान चित्रं हवीत आणि दुसऱ्या बाजूनं वर्गच नको. तुमच्यापैकी कोणी असे वर्ग घेतले असतील तर सांगा ना, तुम्ही मुलांच्या कागदाला हात लावता का? आणि वाचनालयातच हा वर्ग का हवा, हे कमिटीला कसं पटवायचं?


घाटावरचा

काजूबन, फार मनापासून लिहिलंय. बंद घराचं वाचून मी थांबलोच. माझ्या मुलीच्या शाळेत सगळ्यांना एकच झेरॉक्स देतात आणि रेषेच्या आत रंगवा म्हणतात, पाच वर्षांची पोर रंग बाहेर गेला म्हणून रडत घरी आली होती. मला चित्रातलं कळत नाही, पण हा धागा वाचत राहणार.


खडूफळा

मी ३१ वर्षं चित्रकला शिक्षक होतो, आता निवृत्त. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून एका माध्यमिक शाळेत लागलो आणि तिथूनच बाहेर पडलो. ताई, तुम्ही एका चित्रामुळे झोप घालवलीत, मी शेकडो मुलांच्या कागदावर पेन्सिल चालवलीय. आम्ही त्याला करेक्शन म्हणायचो, आणि तो शब्द वापरला की ते शिकवणं वाटायचं. परीक्षेच्या मुलांपर्यंत एकवेळ ठीक होतं, पण पाचवीच्या पोरांचीही चित्रं मी "बसवून" द्यायचो. आज ते आठवलं की वाईट वाटतं आणि म्हणूनच सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे तुमच्या त्या मुलीचं चित्र चुकलेलं नव्हतंच. सहा ते नऊच्या आसपासची मुलं जे दिसतं ते काढत नाहीत, जे माहीत आहे ते काढतात. घरात आजी आहे हे तिला माहीत आहे, मग भिंत आड आली म्हणून आजी का काढायची नाही? जगभरची मुलं असं आरपार घर काढतात, बसमधली माणसं पायांसकट काढतात, आईच्या पोटातलं बाळ काढतात. तसंच कागदाच्या तळाशी एक रेघ म्हणजे जमीन, वरती निळी पट्टी म्हणजे आकाश आणि मधे सगळी मोकळी हवा. आपण म्हणतो आकाश खालपर्यंत आण. त्याच्या दृष्टीनं आकाश वर असतं, आणि ते बरोबरच आहे की. आवडत्या माणसाचं डोकं मोठं, नावडत्याचे हात लांब. हे सगळं आपोआप बदलतं, नऊ-दहाच्या पुढं मूल स्वतःच येऊन विचारतं की सर लांबचं झाड लहान कसं दाखवायचं. तेव्हा शिकवायचं. विचारण्याआधी दिलेलं उत्तर कागदावर बसतं, मुलात बसत नाही.

आता परीक्षेचं. पालकांना सरळ माहिती द्या, म्हणजे वाद कमी होतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आहेत, राज्याचं कला संचालनालय घेतं, आणि शाळा साधारण सातवी-आठवीपासून मुलांना बसवतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन असे विषय आम्ही शिकवत आलो. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, अ ला ७, ब ला ५ आणि क ला ३. म्हणजे तुमच्या एकोणीस मुलांत या परीक्षेच्या वयाची असतील फार तर तीन-चार. त्यांच्यासाठी वेगळा तास ठेवा, मनापासून तयारी करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, कंपास नीट धरायला शिकणं ही पण विद्याच आहे. पण दुसरीच्या मुलाला त्या साच्यात घालू नका.

आणि हाताबद्दल. माझं आजचं उत्तर, नाही लावायचा. दाखवायचं असेल तर आपला वेगळा कागद घ्यायचा, त्यावर दाखवायचं, आणि तो कागद नंतर बाजूला ठेवून द्यायचा, मुलाच्या समोर ठेवायचा नाही. नाहीतर ते नक्कल करत बसतं.


दोन_पोरांची_आई

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं बोलते. मुलांना मोकळं सोडा, मोकळं सोडा हे ऐकून ऐकून माझ्या मोठ्याचं नुकसान झालंय. त्याला घोडा काढायचा होता, खराखुरा घोडा, आणि आमच्या सोसायटीच्या लायब्ररीतल्या वर्गाच्या बाई प्रत्येक वेळी छान आहे, छान आहे एवढंच म्हणायच्या. त्याला कळत होतं ना की तो घोडा नाहीये, कुत्रा झालाय! दहा वर्षांचं पोर आहे, त्याला खोटं कौतुक कळतं. तीन महिन्यांनी म्हणाला मला चित्रं येत नाहीत, आणि सोडलं. मला वाटतं न शिकवणं हाही अन्यायच आहे.


खडूफळा

अहो ताई, तुमचं अगदी बरोबर आहे आणि मी हेच म्हणतोय, त्यानं विचारलं होतं! विचारल्यावर नुसतं छान म्हणणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं झालं. त्याला घोड्याचा फोटो किंवा जमलं तर खरा घोडा दाखवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, मागच्या पायाचा सांधा कुठल्या बाजूला वाकतो बघ. मुलं मागचा पाय आपल्या गुडघ्यासारखा पुढं वाकवतात आणि तिथंच घोडा बिघडतो. आपल्याला गुडघा वाटतो तो खरं तर त्याचा घोटा असतो, म्हणून तो मागं वाकलेला दिसतो. एवढं दिसलं की पोरगा स्वतः पुसेल आणि स्वतः काढेल. डोळ्याला शिकवायचं, हात त्याचा त्याला चालवू द्यायचा. अजून वेळ गेलेली नाही, दहा वर्षं म्हणजे काहीच नाही, त्याला परत कागद द्या.


दोन_पोरांची_आई

हे मागच्या पायाचं आजच दाखवते त्याला. थँक्यू सर.


कपाट_क्रमांक_४

मी एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे, क वर्ग वाचनालय, त्यामुळे कमिटीच्या मुद्द्यावर बोलते. काजूबन, तुम्ही वर्ग वाचनालयात घेता पण त्यात पुस्तक कुठे आलं ते लिहिलंच नाहीत. कमिटीला हाच प्रश्न पडणार, की हे समाजमंदिरात का नको? त्याचं उत्तर पुस्तकातून द्या. आमच्याकडे मी असं केलं, पहिली पंधरा मिनिटं गोष्ट वाचायची, मोठ्यानं, चित्रं न दाखवता. मधेच एका जागी पुस्तक मिटायचं. आता पुढं काय झालं ते काढा. चित्रं झाली की उरलेली गोष्ट वाचायची आणि पुस्तकातली चित्रं दाखवायची. मुलं काय भांडतात हो, आमचा राक्षस जास्त चांगला होता म्हणून! आणि पुस्तक घरी न्यायला रांग लागते. पूर्वी आमचं बालविभागाचं कपाट कुलूपबंदच असायचं, किल्ली माझ्याकडे आणि मी पुढच्या टेबलावर. आता वर्गाच्या वेळेत ते उघडं असतं, मुलांच्या हाताला येईल असं.

दुसरं, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली आपली वाचनालयं, अ ब क ड वर्गांची, अनुदान घेतात तेव्हा वार्षिक अहवाल लिहावाच लागतो. त्यात हा वर्ग उपक्रम म्हणून लिहा, किती मुलं आली, किती पुस्तकं त्या दिवशी घरी गेली. कमिटीतल्या लोकांना आकडा दिसला की बोलणं सोपं जातं. फरशीसाठी जुने फ्लेक्स उलटे करून अंथरा, पुसले की साफ, आमच्या गावात वाढदिवसाच्या फ्लेक्सना तोटा नाही. आणि पेपर वाचणाऱ्या काकांना एकदा मुलांची चित्रं दाखवायला बोलवा, विरोध तिथंच निम्मा होतो.


न्यूजर्सीकर

इकडे न्यू जर्सीत आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत मी महिन्यातून एकदा मुलांसाठी रांगोळी, वारली, दिवाळीत आकाशकंदील असे सेशन घेते, तर इथली पद्धत सांगते, घेण्यासारखं असेल ते घ्या. आधी नाव नोंदवून पंधराच मुलं, धुतले की जाणारेच रंग, आणि मुलांबरोबर खोलीत कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. सुरुवातीला मला हे जरा जास्त वाटलं होतं, पण आता पटलंय, भारतात पण सगळ्यांनी हे पाळावं. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे पण. लायब्ररियन बाई दर वेळी त्या विषयाची दहा-बारा पुस्तकं ट्रॉलीवर काढून दाराशी ठेवतात, मुलं बाहेर पडताना उचलतात. कपाट क्रमांक ४ म्हणतायत तेच, फक्त इथं ट्रॉली आहे.


डहाणू_लोकल

वरती वारलीचा उल्लेख आला म्हणून लिहितो, रागावू नका, पण मनात खूप आहे. मी पालघर जिल्ह्यातला. आमच्याकडचं चित्र वर्गावर्गात शिकवतात याचा आनंदच आहे, पण शिकवतात काय, तर दोन त्रिकोण जोडा, वर गोल, झाला माणूस, आता फ्लॉवरपॉटला बॉर्डर काढा. मुलांना कोणी सांगतच नाही की हे लग्नाच्या वेळी घरातल्या कुडाच्या भिंतीवर काढतात, सवाष्णी काढतात, लग्नचौक असतो, चौकात पालघाट देवी असते, आणि तो चौक झाल्याशिवाय लग्न पुढं जात नाही. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पांढरं, आणि ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. रंग दोनच, कारण घरात तेच होतं. जिव्या सोमा म्हसे यांनी हे भिंतीवरून कागदावर, कापडावर आणलं, रोजचं केलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं.

शिकवायचंच असेल तर माझी विनंती, देवीचा चौक नकलायला देऊ नका, तो ज्यांचा त्यांच्याकडे राहू दे. म्हसेंची जाळं टाकणाऱ्या कोळ्यांची चित्रं दाखवा, तारप्याचा नाच दाखवा, सगळे गोल गोल फिरतायत आणि मधे तारपा वाजवणारा, आणि मग म्हणा आता तुमच्या वाडीतलं काढा. खाकी कागद घ्या, तांदळाचं पीठ घ्या, थोडा डिंक घाला, काडी मुलांना स्वतः करू द्या. अर्धा तास काडीतच जातो आणि तो अर्धा तास वाया जात नाही.


काजूबन

बापरे, सगळ्यांचे किती आभार मानू. एक एक करून सगळं वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. खडूफळा सर, तुमचं उत्तर मी प्रिंट काढून वाचनालयात आमच्या ग्रंथपाल ताईंना दिलं. कपाट क्रमांक ४, तुमचा प्रश्न लागला मला, खरंच पुस्तक कुठेच नव्हतं. मी कपाटांच्या मधे बसून वर्ग घेत होते आणि एकदाही कपाट उघडलं नव्हतं. आमच्या बालविभागात बहुतेक सगळ्या बोधकथा आहेत, चित्रं फार कमी, पण चालेल, उलट चित्रं नाहीत तर मुलंच काढतील. डहाणू लोकल, वारलीचं मी पण अगदी तसंच त्रिकोण जोडून शिकवलं होतं सप्टेंबरमध्ये, पुन्हा नीट करेन.


वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. तुमचा धागा वाचून एक सांगावंसं वाटलं. २२ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांना माहीत आहे, आमच्या गावातलं १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, २००५ मध्येही त्यात पाणी शिरलं होतं आणि २०२१ मध्ये पुन्हा. पुरानंतर दोन-तीन महिन्यांनी आम्ही काही जणींनी आमच्या आळीत मुलांना जमवून कागद-रंग दिले, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. विषय दिला नाही. एका सात-आठ वर्षांच्या मुलानं पूर्ण कागद तपकिरी केला. पाव इम्पिरियल कागद, अकरा बाय पंधरा इंच, एवढा सगळा तैलखडूनं घासून घासून तपकिरी, खडू संपला तेव्हा शेजारच्याचा घेतला. फक्त अगदी वर एक बोटभर पट्टी पांढरी सोडली आणि तिथं एक काळा चौकोन. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, अरे एवढं सगळं मातकट काय, वर सूर्य काढ ना छान. तो म्हणाला, "सूर्य नव्हता. ही टाकी आहे, आम्ही टाकीवर होतो."

काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नवा तपकिरी खडू आणून दिला. मला वाटतं हाच धडा आहे या धाग्याचा, म्हणजे माझ्यापुरता तरी.


घाटावरचा

काय लिहू. वाचतोय.


पळसपान

मधेच एक प्रॅक्टिकल विचारते, रंगांचा खर्च कसा भागवता? आमच्या वस्तीतल्या वाचनालयात सुरू करायचंय पण महिन्याला पाचशेच्या वर जमणार नाहीत.


डहाणू_लोकल

पळसपान ताई, घरातले रंग करा, मुलांना तेच जास्त आवडतं. हळदीचं पाणी पिवळं, त्यात चुन्याची निवळी घातली की डोळ्यांसमोर लालभडक होतं, मुलं ओरडतात. चुना मात्र मोठ्यांनीच हाताळायचा, डोळ्यात जाता कामा नये. गोकर्णीची फुलं गरम पाण्यात टाका, निळं येतं, लिंबू पिळलं की जांभळं. बीट, गेरू, चुलीतला कोळसा. हळद आणि फुलांचे रंग उन्हात उडतात हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चित्र फिकं झालं म्हणून मुलं हिरमुसतात. गेरू आणि कोळसा टिकतो. कागदासाठी लग्नपत्रिका आणि जुनी कॅलेंडरं, मागची बाजू कोरी असते. चिकटवायला मैद्याची खळ, त्यात थोडा मोरचूद घालतात काहीजण, तो मुलांच्या वर्गात अजिबात नको, विषारी असतो, खळ त्या दिवशीची त्या दिवशी संपवायची.


सावंतवाडीकर

काजूबन, तू कुडाळ तालुक्यात आहेस आणि अजून कोणी पिंगुळीचं नाव काढलं नाही म्हणून मीच काढतो! तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या शेजारीच आहे गं. पिंगुळीचे ठाकर समाजाचे कलाकार पिढ्यान् पिढ्या चित्रकथी करतात, चित्र दाखवत दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगायच्या, वीणा, हुडूक, टाळ साथीला. एका आख्यानाच्या चित्रांचा जो गठ्ठा असतो त्याला ते पोथी म्हणतात. पोथी! आणि दोन दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे एक दाखवून झालं की उलटायचं. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती या कामासाठीच, त्यांनी पिंगुळीत ठाकर आदिवासी कला आंगण नावाचं संग्रहालय उभं केलंय. मुलांना एकदा तिकडे घेऊन जा. कमिटीनं विचारलं वाचनालयात चित्र कशाला, तर सांग, आपल्या तालुक्यात चित्र म्हणजेच पोथी आहे.


काजूबन

सावंतवाडीकर दादा!! मी तिथं एकदा जाऊन आलेय, लग्न होऊन आले त्या वर्षी, आणि माझ्या डोक्यात हे आलंच नाही. पाठीला पाठ चिकटवलेली चित्रं आठवली आणि एकदम लख्ख झालं. पुढच्या आठवड्यात जातेय, मुलांना घेऊन, दोन पालक सोबत. येऊन लिहिते.


काजूबन

सहा आठवड्यांनी परत आले, उशिराबद्दल माफ करा, पण सांगण्यासारखं खूप आहे.

पिंगुळीला सतरा मुलं आली. तिथल्या बाहुल्या आणि चित्रं बघून आल्यावर पुढच्या शनिवारी मी विचारलं, आपली पोथी कशाची करायची? अर्धा तास नुसता गोंधळ, मग ठरलं, आपल्या वाडीच्या ओढ्यावरच्या साकवाची, म्हणजे छोट्या पुलाची. दर पावसात तो साकव वाहून जातो आणि गणपतीच्या आधी सगळे मिळून पुन्हा बांधतात, मुलांना सगळं पाठ आहे, कोण सुपारीचे खांब आणतं, कोणाची म्हैस अडकली होती, मास्तर कसे पलीकडेच राहिले. सोळा चित्रं ठरली. कोणी काय काढायचं ते त्यांनी ठरवलं. मी फक्त कागद कापले आणि खळ शिजवली. माझे हात मी मांडीखाली घेऊन बसत होते, अगदी शब्दशः, कारण सवय जात नाही, समोर कलता साकव दिसला की बोटं शिवशिवतात.

सहावीतल्या दोन मुलींनी मात्र विचारलं की साकव पलीकडे लहान होत जाताना कसा दाखवायचा. मग सरांनी सांगितलं तसं केलं, दोघींना घेऊन खऱ्या साकवावर गेले, या टोकाला उभं केलं, पेन्सिल डोळ्यासमोर उभी धरून जवळच्या आणि लांबच्या खांबाची उंची मोजायला लावली. एकीनं तीनदा मोजलं, तिला पटेना की लांबचा खांब इतका लहान दिसतो. कागदावर त्यांनी जे काढलं ते त्यांचं आहे.

आणि ती तिसरीतली. तिच्या वाट्याला पुराच्या रात्रीचं चित्र आलं. तिनं घर काढलं. छप्पर कललेलं, पहिल्यापेक्षा जास्त, कारण वारा आहे म्हणे. आणि भिंतीतून आतलं सगळं दिसतंय, कंदील, आजी, आणि मांजर आता पोटमाळ्यावर नारळांत बसलंय, खाली पाणी आलंय म्हणून. मी काही बोलले नाही, तिच्या मागे उभी राहून बघत राहिले. तिनं एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि परत काढायला लागली.

२६ जानेवारीला प्रदर्शन नाही लावलं. पुढच्या खोलीत पेपरच्या टेबलावर पोथी ठेवली, मुलं एक एक पान उभं धरून गोष्ट सांगत गेली, मधे मधे गाणं पण जोडलं त्यांनीच, टाळ भजनी मंडळाचे आणले. फरशीवरून बोलणारे कार्यकारिणीतले काका पहिल्या रांगेत होते. साकव बांधणाऱ्या माणसांत त्यांचे वडील काढले होते, डोक्यावर लाल मुंडासं, त्यांनी ते ओळखलं आणि ते पान परत दाखवायला सांगितलं. नंतर मला म्हणाले, शनिवारी चारला पेपर आतल्या बाजूला हलवू, तुम्ही पुढची खोली घ्या, उजेड बरा आहे.

पालकांशी पण बोलले. सातवीतली तीन मुलं परीक्षेच्या तयारीला रविवारी सकाळी वेगळी येतात, सरांनी फोनवर मदत करायचं कबूल केलंय, त्यांचे पुन्हा आभार.


कपाट_क्रमांक_४

डोळे भरून आले हो. आता एक काम करा, ती पोथी कपाटात ठेवा. म्हणजे खरंच कपाटात, नंबर देऊन. मुख्य दाखल नोंदवहीत नको, तिचा हिशोब वेगळा असतो, पण एक साधी वही घाला, मुलांनी केलेली पुस्तकं, क्रमांक १ पासून. आत तारखेची चिठ्ठी चिकटवा, शिक्का मारा, लोकांना घरी न्यायला द्या. रोजच्या वर्गात करायला छोटं पुस्तक हवं असेल तर एक मोठा कागद आठ भागांत दुमडा, मधल्या घडीवर फक्त एक काप द्या, शिवण नाही, पिन नाही, आठ पानांचं पुस्तक होतं. आमच्याकडे अशी चाळीसेक झालीत.


काजूबन

केलं! क्रमांक १ पोथी, क्रमांक २ ते ९ आठपानी. ग्रंथपाल ताईंनी स्वतः शिक्के मारले, मुलं श्वास रोखून बघत होती. पोथी सध्या वाचनालयात नाहीये, तिसरीतलीनं आजीला दाखवायला नेलीय, सात दिवसांच्या बोलीवर.

आता एकच अडचण. जूनमध्ये आमच्याकडे कागद इतका दमट होतो की तैलखडू नीट बसत नाही आणि खळीला बुरशी येते. कोकणातल्या मंडळींनी पावसात चित्रं कशी ठेवायची ते सांगा.


वाशिष्ठीकाठ

पत्र्याची पेटी, तळाला कोरडे लाकडी कोळसे फडक्यात बांधून ठेवायचे, दर पंधरा दिवसांनी बदलायचे, आणि चित्रांच्या मधे मधे रद्दी पेपर. खळीऐवजी पावसात डिंक वापरा. आणि पेटी खाली ठेवू नका, कपाटाच्या वर ठेवा.